अनोळखी थीम पार्कला जायचे ठरवताना: आधी माणसे मोजा, तिकीट नंतर काढा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून थीम पार्कला जाणाऱ्या कुटुंबांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात. एक म्हणजे बेंगळूरजवळ बिडदीचे वंडरला आणि दुसरा म्हणजे खोपोलीजवळचे इमॅजिका. दोन्ही ठिकाणी जाऊन आलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या तीन-चारच निघतात: निम्म्या माणसांना निम्म्या राइडवर बसू दिले नाही, दिवस रांगेत गेला, खर्च ठरवल्याच्या दुप्पट झाला आणि परतताना चालक पेंगत होता. या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे. आपल्याकडे आधी सवलतीचे तिकीट काढले जाते, मग गाडी ठरते आणि कोण येणार व त्यांना काय झेपणार याचा विचार गाडी हत्तरगीचा टोलनाका ओलांडत असताना सुरू होतो. खालील टप्पे या क्रमाच्या नेमके उलट आहेत आणि ते त्याच क्रमाने पाळावेत.

टप्पा १: माणसांची यादी आणि उंची

एक वहीचे पान घ्यावे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात: अनवाणी उंची सेंटिमीटरमध्ये, तब्येतीची अडचण, पाण्यात उतरण्याची तयारी आणि उंचीची किंवा वेगाची भीती.

उंची अंदाजाने लिहू नये. मुलाला भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून उभे करावे, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवे धरावे, पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करावी आणि शिंप्याच्या टेपने नव्हे, तर लोखंडी टेपने जमिनीपासून मोजावे, कारण कापडी टेप ताणली जाते आणि एखादा सेंटिमीटर सहज चुकतो. वेणी, अंबाडा, जाड तळव्याचे बूट यांचा हिशेब धरू नये. राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी बूट काढायला लावून मोजू शकतो.

ही अट अडवणुकीसाठी नसते. वेगाच्या राइडमध्ये माणसाला धरून ठेवणारा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, लहान शरीर त्याच्या खालून निसटू शकते. याच कारणाने फार स्थूल माणसाचा पट्टा शेवटच्या खाचेत बसला नाही, तर त्यालाही उतरवले जाते. त्यामुळे ‘एवढ्या लांबून आलोय, एकदा बसू द्या’ ही विनवणी कितीही कळवळून केली तरी उपयोगाची नाही, आणि कर्मचाऱ्याने ती ऐकली तर उलट काळजी करावी.

मुलांचे तिकीटही बहुतेक मोठ्या पार्कांत वयावर नव्हे, उंचीवर ठरते. सहावीतला उंच मुलगा मोठ्यांच्या दरात जातो आणि घरच्या हिशेबात तो ‘अर्धे तिकीट’ म्हणून धरलेला असतो. खर्च वाढण्याची सुरुवात इथूनच होते.

तब्येतीच्या रकान्यात रक्तदाब, हृदयविकार, मान किंवा पाठीचे दुखणे, फिट येणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण या गोष्टी आल्याच पाहिजेत. घरातले पुरुष रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे चारचौघांत सांगत नाहीत, असा अनुभव आहे, म्हणून हा रकाना त्यांच्या पत्नीला विचारून भरावा.

आता यादीचे तीन गट पाडावेत: मोठ्या राइडवर बसणारे, मध्यम राइडवर बसणारे आणि काठावर बसणारे. काठावरचा गट एकूण माणसांच्या एक तृतीयांशाहून मोठा असेल, तर सर्वांनी एकत्र जाण्याचा बेत मोडून सहल लहान करावी. आमच्या गल्लीच्या एका सहलीत अठरा जणांपैकी सात जण सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत पिशव्या सांभाळत बसले होते आणि त्या सातही जणांची पूर्ण तिकिटे काढलेली होती.

*तपासा: यादीत उंची न लिहिलेले एकही मूल उरलेले नाही ना? उरले असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नये.*

टप्पा २: पार्काची निवड

निवड जाहिरातीवरून नव्हे, हातातल्या यादीवरून करावी.

बेळगावहून बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि बिडदी त्याच्या पलीकडे, म्हैसूर रस्त्यावर आहे. खोपोली बेळगावहून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर पडते. बेळगावकरांसाठी हा फरक निर्णायक नाही, पण निपाणीकरांसाठी तो दोनशे किलोमीटरच्या वर जातो आणि चिकोडीकरांनाही उत्तरेकडची खोपोलीच जवळ. उलट खानापूर किंवा बैलहोंगलच्या माणसाने नकाशा पाहून ठरवावे.

अंतरापेक्षा मोठा फरक तिकिटाच्या रचनेत आहे. बिडदीला एकाच तिकिटात कोरड्या राइड आणि पाण्याच्या राइड दोन्ही येतात. खोपोलीला थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी असले, तरी त्यांची तिकिटे वेगळी आहेत, आणि तिथला बर्फाचा स्नो पार्कही स्वतंत्र आहे. हे न वाचता गेलेली माणसे एका तिकिटावर सगळे फिरायला मिळेल या समजुतीने पोहण्याचे कपडे घेऊन थीम पार्कच्या दारात उभी राहतात. दोन्हींचे एकत्रित तिकीट मिळते म्हणून एका दिवसात दोन्ही उरकण्याचा मोह होतो, तो टाळावा. दोन दिवस नसतील, तर एकच निवडावे.

माझे मत असे की, यादीत वृद्ध आणि लहान मुले अधिक असतील तर खोपोलीचे थीम पार्क बरे, कारण तिथे बंदिस्त जागेतील बसून पाहण्यासारख्या राइड बऱ्याच आहेत आणि मराठी-हिंदीत विचारपूस होते. कॉलेजच्या वयाची मंडळी असतील आणि त्यांना पाणी व वेग दोन्ही एका दिवसात हवे असेल, तर बिडदी. तिथे फलक कन्नड आणि इंग्रजीत असतात. आपली मुले शाळेत कन्नड शिकतात, ती वाचून दाखवतील, पण कधी सीमाभागाबाहेर न गेलेल्या आजीला एकटीला स्वच्छतागृह शोधायला पाठवू नये.

टप्पा ३: दिवस ठरवणे

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात आणि सीमाभागातल्या लोकांच्या हाती एक सोय असूनही ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे दोन राज्यांच्या शाळांच्या सुट्ट्या एकाच वेळी नसतात.

कर्नाटकात दसऱ्याची सुट्टी मोठी असते, तर महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीला मिळते. उन्हाळ्यातही आपल्याकडच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद होतात आणि जूनच्या तोंडाशी उघडतात, महाराष्ट्रात मात्र सुट्टी मेमध्ये भरात येते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे मराठी माध्यमात पण कर्नाटकाच्या वेळापत्रकावर शिकणाऱ्या आपल्या मुलांना एप्रिलच्या उत्तरार्धात आणि दसऱ्याच्या पंधरवड्यात खोपोली त्यातल्या त्यात मोकळी मिळते, तिकडची मुले तेव्हा परीक्षेत किंवा वर्गात असतात. याच दिवसांत बिडदीला जाणे म्हणजे सबंध कर्नाटकाच्या गर्दीत उभे राहणे. प्रत्यक्ष दसऱ्याचा दिवस आणि त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार मात्र दोन्हीकडे वर्ज्य समजावा.

आठवड्यातला दिवस मंगळवार ते गुरुवार यांपैकी असावा. याला अपवाद डिसेंबर-जानेवारीचा, कारण त्या काळात शाळांच्या सहली आठवड्याच्या मधल्या वारीच निघतात आणि एका बसमधून पन्नास-साठ मुले एकाच राइडच्या रांगेत शिरतात.

आता हवामान. खोपोली रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथला पाऊस आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसासारखा समजावा. जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या उंच राइड थांबवल्या जातात. बेंगळूरकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस त्या मानाने हलका असतो, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो वाढतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाच्या सरी येतात. तेव्हा पावसाळ्यातच जायचे असेल तर जुलै-ऑगस्टमधला कामाचा वार आणि बिडदी, ही जोडी बरी. डिसेंबर-जानेवारीत बेंगळूरचे पाणी सकाळी चांगलेच गार असते आणि लहान मुले अर्ध्या तासात कुडकुडायला लागतात.

आणखी एक तपासणी फक्त आपल्याच भागाला लागू आहे. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ सीमेवरच थांबवल्या जातात. २०२५ च्या फेब्रुवारीतही तसे झाले होते. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिवस) आसपासचे दिवस आणि बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असलेले दिवस महाराष्ट्रात जाण्या-येण्यासाठी निवडू नयेत. निवडलेच तर आदल्या दिवशी बसस्थानकावर प्रत्यक्ष चौकशी करावी.

*सावधान: दिवस ठरल्यावर त्या पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर दोन प्रश्न विचारावेत. त्या दिवशी पार्क किती वाजता उघडतो आणि कोणत्या राइड देखभालीसाठी बंद आहेत? ज्या एका राइडसाठी मुले हट्ट करीत आहेत तीच बंद असेल, तर तारीख बदलण्याची वेळ हीच आहे.*

टप्पा ४: तिकीट

आता तिकीट काढावे, आणि ते पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. समाजमाध्यमांवर फिरणारी ‘निम्म्या किमतीची’ कुपने विकत घेऊ नयेत. विद्यार्थी, वाढदिवस, मोठा गट अशा सवलती खऱ्याही असतात, परंतु त्यांच्या अटी वाचाव्यात. विद्यार्थ्याच्या सवलतीसाठी दारात मूळ ओळखपत्र मागितले जाते, मोबाइलमधला फोटो चालेलच असे नाही.

पैसे भरण्यापूर्वी तीन ओळी शोधून वाचाव्यात: तारीख बदलता येते का, पावसाने राइड बंद झाल्यास परतावा आहे का आणि जेवण तिकिटात आहे का. परतावा बहुधा नसतो, हे गृहीत धरावे.

रांग टाळण्याचे जादा दराचे तिकीट कामाच्या वारी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. सुट्टीच्या दिवशीच जाणे भाग असेल, तर ते फक्त पहिल्या गटातल्या माणसांसाठी घ्यावे, काठावरच्यांसाठी नाही. हा हिशेब पहिल्या टप्प्यातल्या यादीमुळेच जमतो.

टप्पा ५: प्रवास

*रेल्वेने.* बिडदीसाठी रात्रभराची गाडी सर्वांत सोयीची. मिरजेकडून कुडची, रायबाग, घटप्रभामार्गे येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस किंवा बेळगावहून सुटणारी बेंगळूर एक्सप्रेस सकाळी बेंगळूरला पोहोचवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली बेळगाव–बेंगळूर वंदे भारत अनेकांना भुरळ घालते, पण ती पहाटे निघून दुपारी पोहोचते, म्हणजे त्या दिवशीचे पार्क हुकते. परतीची गाडीही बेंगळूरहून दुपारीच सुटते, त्यामुळे दोन मुक्काम करणार असाल तरच तिचा विचार करावा. पुण्याकडे जाणाऱ्या वंदे भारतचेही तेच, आणि ती आठवड्यातून तीनच दिवस आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते, हे ध्यानात ठेवून टप्पा ३ त्याच्या आधी पुरा करावा. निपाणीला रेल्वेच नसल्याने तिकडच्यांनी बसचाच विचार केलेला बरा.

सकाळी उतरल्यावर थेट पार्क गाठू नये. स्थानकाजवळ दोन तासांसाठी खोली किंवा स्थानकावरची विश्रांतीची सोय पाहावी, आंघोळ-नाश्ता उरकावा आणि जड सामान तिथेच किंवा स्थानकाच्या सामानघरात ठेवावे. बिडदीला म्हैसूरच्या दिशेने जाणाऱ्या बस आणि लोकल गाड्या आहेत.

*बसने.* कर्नाटकात कायम वास्तव्य असलेल्या महिलांना शक्ती योजनेखाली राज्यांतर्गत साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे. ओळखपत्र दाखवावे लागते आणि ही सवलत वातानुकूलित, राजहंस किंवा शयनयान बसना लागू नाही. मात्र साध्या बसने रात्रभर बसून पाचशे किलोमीटर गेल्यावर दुसऱ्या दिवशी राइडवर बसण्याची ताकद किती उरेल, याचा विचार करावा. मी ही सवलत बेंगळूर ते बिडदी या टप्प्यासाठी वापरावी, असे सुचवेन. खोपोलीसाठी बेळगावहून रात्रीच्या शयनयान बसने पुणे गाठणे आणि तिथून गाडी करणे हा सरळ मार्ग आहे.

*स्वतःच्या गाडीने.* बेंगळूरच्या दिशेने जाताना तुमकूर रस्त्यावरून थेट शहरात शिरू नये. नाइस रोडने बाहेरून म्हैसूर रस्त्याला लागावे, टोल पडतो, पण दोन तासांची कोंडी वाचते. म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवरून मध्येच उतरता येत नाही, बाहेर पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बिडदीची वाट चुकली तर गाडी थेट रामनगरच्या दिशेने जाते, म्हणून वेळेत सेवारस्त्यावर यावे. खोपोलीला जाताना द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरल्यावर खोपोलीच्या फाट्याने बाहेर पडून पालीचा रस्ता धरावा. शनिवारी सकाळी घाटातली कोंडी मुंबईहून वर येणाऱ्यांची असते आणि रविवारी सायंकाळी ती मुंबईकडे उतरणाऱ्यांची असते. आपण दोन्ही वेळा उलट दिशेने असतो, ही आपली सोय आहे.

*भाड्याच्या गाडीने.* टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना दर विचारण्याआधी परवाना विचारावा. कर्नाटकापुरताच परवाना असलेली गाडी महाराष्ट्रात नेण्यासाठी वेगळा परवाना आणि कर लागतो. तो नसेल तर सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडे कुठेही अडवले जाण्याची आणि दंडाचा बोजा तुमच्यावर येण्याची शक्यता असते. पांढऱ्या पाटीची ओळखीतली खासगी गाडी भाड्याने नेणे स्वस्त वाटते, पण अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो.

*सावधान: ‘रात्री गाडी, दिवसा पार्क, रात्री पुन्हा गाडी’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक बेत आहे. तुम्ही आत असता तेव्हा चालक वाहनतळावरच्या तापलेल्या गाडीत डोळे मिटून पडलेला असतो, त्याला झोप म्हणत नाहीत. एक तर दुसरा चालक घ्यावा, नाही तर पार्क संपल्यावर जवळपास मुक्काम करून पहाटे निघावे. मुक्काम न करताच परतायचे ठरले, तर चालकाला सकाळी खोली करून द्यावी आणि तो तिथे झोपला आहे याची खातरजमा करावी. चालकाच्या खोलीचे पैसे सहलीच्या वर्गणीत पहिल्याच दिवशी धरावेत.*

टप्पा ६: पिशवी

पाण्याच्या राइडसाठी नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचे, अंगाला बसणारे कपडे लागतात. सुती टी-शर्ट, साडी, सलवार-कमीज, धोतर, जीन्स चालत नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होते, त्याचे धागे गाळणीच्या यंत्रणेत जातात आणि लोखंडी बटणे व चेन घसरगुंडीला ओरखडे पाडतात. कपडे नसतील तर आत विकत किंवा भाड्याने मिळतात, आणि पाच माणसांसाठी ते घ्यावे लागले की तिकिटाची सवलत तिथेच विरते. पूर्ण अंग झाकणारे, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ नायलॉनचे कपडे बाजारात सहज मिळतात. घरातल्या बायकांना ते आधी घरी घालून पाहू द्यावेत. दुकानात संकोचाने न घेतलेले कपडे पार्कात दुप्पट दराने घेण्यापेक्षा ही पूर्वतयारी बरी.

मंगळसूत्र, बांगड्या, कानातले, हातातले कडे शक्यतो घरीच ठेवावे. मंगळसूत्र काढायचे नसेल, तर ते काळ्या दोऱ्यातले साधे असावे आणि कपड्याच्या आत राहावे. चष्म्याला मागून बांधायची दोरी घ्यावी.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, पिशव्या दारात उघडून पाहिल्या जातात. म्हणून चपात्या, शेंगदाण्याची चटणी, गोकाकचा करदंट हे सगळे प्रवासापुरते बांधावे आणि उरलेले गाडीतच ठेवावे. दारात डबा अडवला म्हणून तिथेच उभे राहून वीस जणांनी घाईघाईने खाल्लेली भाकरी मी पाहिली आहे, आणि त्यानंतर पहिल्या गोल फिरणाऱ्या राइडवर काय झाले तेही. तान्ह्या मुलाचे खाणे आणि औषधे नेता येतात, औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

याखेरीज प्रत्येकाचा एक कोरडा जोड, टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, मोबाइलसाठी जलरोधक पाकीट, ओआरएसची पाकिटे आणि थोडी रोख रक्कम एवढे पुरे. एका कुटुंबाची एकच पाठपिशवी असावी, कारण लॉकर लहान असतात.

टप्पा ७: पार्कमधला दिवस

दार उघडण्याच्या पाऊण तास आधी पोहोचावे. पहिल्या दीड तासात जेवढ्या राइड होतात, तेवढ्या दुपारच्या तीन तासांत होत नाहीत, आणि बहुतेक गट नेमका हाच दीड तास दारातल्या पुतळ्यापाशी फोटो काढण्यात आणि लॉकर शोधण्यात घालवतात.

आत शिरताच कामे वाटून घ्यावीत. एकाने सर्वांची पिशवी घेऊन लॉकरकडे जावे, एकाने नकाशा घेऊन त्या दिवशीच्या वेळा पाहाव्यात आणि पहिल्या गटाने न थांबता सर्वांत मोठ्या राइडकडे चालावे. खोपोलीत ती नायट्रो, बिडदीत रिकॉइल. वाटेत दिसणाऱ्या पहिल्याच राइडला उभे राहू नये, तिथे सगळेच उभे राहतात. पार्कच्या मागच्या टोकापासून दाराकडे येत राहावे.

दुसरा गट याच वेळी लहान मुलांच्या विभागाकडे जातो. दोन्ही गटांची भेटीची जागा आणि वेळ आधीच ठरलेली असावी, कारण पुढे मोबाइल लॉकरमध्ये जाणार आहेत. ‘कारंज्यापाशी’ असे सांगू नये, कारंजी अनेक असतात. लॉकरच्या दारापाशी, साडेअकरा वाजता, असे नेमके सांगावे. लहान मुलांच्या दंडावर न पुसणाऱ्या पेनने पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा.

कोरड्या राइड आधी आणि पाण्याच्या नंतर, हा क्रम मोडू नये. ओल्या कपड्यांनी कोरड्या राइडवर बसू देत नाहीत आणि दोनदा कपडे बदलण्यात तास जातो. पाण्याच्या राइडची वेळ पार्कच्या वेळेहून वेगळी असते, ती सकाळीच फलकावर पाहून घ्यावी.

जेवण बाराच्या आधी किंवा दोननंतर घ्यावे. मधल्या काळात सगळा पार्क खाण्याच्या रांगेत असतो आणि तेव्हा राइडच्या रांगा किंचित कमी होतात. पोटभर जेवल्यावर किमान पाऊण तास फिरत्या राइडवर बसू नये. हा वेळ बंदिस्त जागेतल्या खेळांना द्यावा, काठावरच्या गटालाही तेव्हाच सोबत घ्यावे.

लहान मूल असलेल्या आईवडिलांनी राइडच्या कर्मचाऱ्याला आळीपाळीने बसण्याची सोय आहे का, असे विचारावे. काही ठिकाणी एक जण उतरल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांगेत न लावता बसू देतात. न विचारता कोणी सांगत नाही.

पाण्याच्या घसरगुंडीवर पाय पुढे आणि हात छातीवर हीच स्थिती ठेवावी. साखळी करून, डोके पुढे करून किंवा मध्येच थांबून उतरू नये. खाली पोहोचताच लगेच बाजूला व्हावे, कारण वरचा माणूस सुटलेला असतो. लाटांच्या तलावात मूल हाताच्या अंतरावर असावे. जीवरक्षक हजर असतो, पण दोनशे डोक्यांमधले आपले मूल त्याला ओळखता येत नाही. पाण्यात असताना तहान कळत नाही, म्हणून दर तासाला पाणी प्यावे.

*तपासा: दुपारी तीन वाजता यादी बाहेर काढावी. रक्तदाबाची दुपारची गोळी घेतली का? काठावर बसलेल्यांपैकी कोणी सकाळपासून एकाच जागी आहे का? पहिल्या गटातला एक जण आता पिशवीपाशी बसू शकतो.*

*सावधान: ढग गडगडले की पाण्यातून स्वतःहून बाहेर यावे, शिट्टीची वाट पाहू नये. राइड थांबल्या तर रांग सोडण्याची घाई करू नये, पण मोकळ्यावर उभेही राहू नये. छपराखाली थांबून अर्धा तास पाहावा, वळवाची सर बहुधा तेवढ्यात ओसरते आणि तोवर निम्मी माणसे निघून गेलेली असतात.*

टप्पा ८: बाहेर पडणे

पाण्याचा विभाग बंद होण्याच्या चाळीस मिनिटे आधी बाहेर यावे. शेवटच्या शिट्टीनंतर कपडे बदलण्याच्या खोल्यांसमोर जी गर्दी होते, तिच्यात मुले रडतात आणि वस्तू हरवतात. कोरडे कपडे झाल्यावर लॉकर रिकामा करावा, कोपऱ्यात हात घालून पाहावा आणि अनामत रक्कम असेल तर पावती दाखवून परत घ्यावी. ही पावती सकाळपासून एकाच माणसाकडे असली पाहिजे.

दाराबाहेर निघण्यापूर्वी माणसे मोजावीत, गाडीत बसल्यावर पुन्हा मोजावीत, आणि मोजणाऱ्याने स्वतःला धरायला विसरू नये. ओल्या कपड्यांची पिशवी तोंड उघडे ठेवून सर्वांत मागे ठेवावी. त्यानंतर चालकाला दुपारी किती वेळ झोप लागली, हे विचारावे. उत्तर तीन तासांहून कमी असेल, तर त्या रात्री गाडी हलवू नये.